बढतीचा केक

आमच्या ठाण्यात बढती मिळालेल्यानं केक आणायचा असतो. हॅलम आता चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याच्या पोलिसांचा प्रमुख होणार, म्हणून त्याच्या या जुन्या ठाण्यात केक घेऊन आला. दोन शब्द मी बोलायचे, असं ठरलं. आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो. मी अजून सार्जंट.

सुरुवात केली: सर इथे शिपाई म्हणून आले, तेव्हा–

तेव्हापासून बूट भिजू दिले नाहीत त्यानं. पावसात आम्ही, पंचनाम्यावर सही त्याची.

जाऊ दे. पुन्हा: सर इन्स्पेक्टर झाले आणि–

आणि कोठडीत एक माणूस छाती धरून कण्हत होता. कोठडी सांभाळणाऱ्या कीथ ऑर्मरॉडनं डॉक्टरला फोन लावला. हॅलमनं तो ठेवायला लावला. नाटक करतोय, म्हणाला. माणूस मेला. चौकशीत हॅलमला काही आठवेना. मी तिथेच होते, ऐकलं ते सांगितलं. पण इन्स्पेक्टरच्या शब्दापुढे शिपायाचा शब्द कोण धरतो? डॉक्टर न बोलावल्याचा ठपका कीथवर आला, त्याची नोकरी गेली. हॅलमला मुख्यालयात बोलावणं आलं.

चीफ इन्स्पेक्टर. सुपरिंटेंडेंट. प्रत्येक पायरीवर कीथ त्याला भेटला: खरं तेवढं सांगा. प्रत्येक पायरीवर एकच उत्तर: जरा वर पोचू दे, मग बघतो.

कीथ आता एका गोदामावर पहारा देतो. पुढच्या महिन्यात त्याची फेरसुनावणी आहे. शेवटची.

भाषण तिसऱ्यांदा सुरूच केलं नाही.

"सर, आता याच्या वर खुर्ची नाही. कीथच्या सुनावणीला येऊन सांगणार का, फोन कुणी ठेवायला लावला ते?"

सगळे आपापल्या चहात बघू लागले. हॅलम हसला.

"मो, केक खायच्या दिवशी हे काय काढलंस?"

"कुणी ठेवायला लावला?"

त्याच्या मानेवर लाली चढली. तोंड उघडलं त्यानं. खरंच उघडलं. तेवढ्यात आमचा नवा इन्स्पेक्टर, टोबी विन्स्कल, सुरी घेऊन मध्ये आला. गेल्याच आठवड्यात कीथची गोष्ट ऐकून हाच टोबी म्हणाला होता, असल्या साहेबांना तुरुंगात टाकलं पाहिजे.

"मो दमलीय, सर. डबल शिफ्ट केलीय बिचारीनं."

मी कसलीही डबल शिफ्ट केली नव्हती. तसं म्हणालेही. पण टोबी केक कापत होता आणि माणसं ताटल्या घेऊन पुढे सरकत होती.

हॅलमनं पहिला तुकडा उचलला, टोबीच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "नाव काय रे तुझं?"