टाकीतली हवा

दारूच्या कारखान्यात आंबवणाची टाकी धुवायला उतरलेला घरातला मुलगा जिवंत वर आला नाही. "पिऊन होता, तोल गेला," असं साहेबांनी सांगितलं आणि घरच्यांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. वर मेहरबानी म्हणून साहेब म्हणाले, सून बारावी पास झाली तर तिला तिथल्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेऊ.

रसायनशास्त्रात ती पूर्वी सपशेल आपटली होती. आता शिकवायला घरचीच नणंद होती, शाळेत तोच विषय शिकवणारी. दुपारी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. समीकरणं जुळवताना सुनेला चक्क मजा यायची. "संसारात असं जुळतं तर काय हवं होतं!" असं ती एकदा म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी दोघी हसल्या.

मग वायूंचं प्रकरण आलं. उदाहरण वाचता वाचता नणंद मध्येच थांबली. "हे सोडून देऊ."

"का? वाचा ना, ताई."

एकशे ऐंशी किलो ग्लुकोज पूर्ण आंबलं, तर किती लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होईल?

सुनेनं समीकरण मांडलं, मोल काढले, गुणाकार केला. "चव्वेचाळीस हजार आठशे." पेन्सिल तशीच धरून ती म्हणाली, "ह्यांची टाकी तर दहा हजार लिटरची होती. एवढा वायू जातो कुठं?"

"बराचसा बाहेर जातो. पण हवेपेक्षा जड ना तो. टाकी रिकामी केली तरी तळाशी साचून राहतो."

"आणि माणूस उतरला तर?"

नणंदेनं पुस्तक मिटलं. "दोन-चार श्वास. मग शुद्ध जाते."

"म्हणजे ह्यांना हाक मारायलाही..."

"नाही, वहिनी."

दाराशी सासू उभी होती. कधीपासून, कोण जाणे. "म्हणजे माझं पोर प्यायलेलं नव्हतं?" ती लेकीवर कडाडली. "तुला हे ठाऊक होतं! तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"बोलून दादा परत आला असता का, आई? वहिनीची नोकरी मात्र गेली असती."

त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

सून पास झाली, कामावर रुजू झाली. प्रयोगशाळेचं कपाट आवरताना तिला प्राणवायू मोजायचं यंत्र सापडलं. खोक्यातून कोणी बाहेरही काढलं नव्हतं. सेल घालून ती तडक टाक्यांकडे गेली. धुणारा गडी शिडीवर पाय ठेवतच होता. तिनं त्याला थांबवलं आणि यंत्र दोरीनं खाली सोडलं. ते ठणाणा वाजायला लागलं.

"बिघडलंय ते," मागून साहेब म्हणाले.

"मग तुम्ही उतरून दाखवा."

साहेब उतरले नाहीत. गडीही उतरला नाही. दुसऱ्या दिवशी तिची रवानगी बाटल्यांना लेबलं लावायच्या खोलीत झाली.

थंडी सरता सरता टाक्यांकडून आरडाओरडा ऐकू आला. ती धावत पोचली तेव्हा नव्यानंच लागलेल्या एका गड्याला दोरानं वर ओढत होते. त्याचे ओठ निळे पडले होते. त्याची बायको फाटकाशी आली, तशी सुनेनं साहेबांच्या आधी तिला गाठलं, भिंतीच्या आडोशाला नेलं आणि टाकीत काय साचतं, माणूस कसा पडतो, सगळं सांगितलं. बाई तिचा हात घट्ट धरून उभी होती. ऐकत होती की नाही, कळत नव्हतं.