ताईची पाठ

धाकटी कवळ्या बनवायची. दंतवैद्याकडून साचा आला की मेणाच्या हिरड्या घडवायच्या, त्यात एकेक दात रोवायचा आणि वरची ओळ खालच्या ओळीवर नीट टेकते का ते बघायचं, हे काम ती चोवीस वर्षं करत होती. केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. घरच्या माणसांच्या बाबतीत मात्र ही बाई साफ आंधळी होती.

त्या वर्षी तिला एकच गोष्ट हवी होती. उन्हाळ्याच्या तोंडावर चाळिशीपुढच्यांची होड्यांची शर्यत होती, आणि दोघींच्या होडीत तिला ताईच्या मागे बसायचं होतं. बस्स. पदक मिळालं तर मिळालं, नाहीतर गेलं खड्ड्यात.

ताई तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. शाळेत असल्यापासून दोघी एका होडीत. ताल ताईनं द्यायचा आणि धाकटीनं मागे बसून, तिच्या पाठीवर नजर ठेवून, तिच्याबरोबर वल्ही मारायची. दहा वर्षं तिनं ती पाठ पाहिली होती. उजव्या खांद्यावरचा तीळ, मानेला चिकटलेली बट, जोर लावायच्या आधी किंचित वर उचलले जाणारे खांदे. मग लग्न होऊन ताई दूरच्या शहरात गेली, तिकडे तिनं औषधांचं दुकान थाटलं, आणि होडी सुटली. त्याला पंचवीस वर्षं झाली. फोनवर बोलणं व्हायचं, पण ते म्हणजे जेवणाचा फोटो बघण्यासारखं. पोट कुठलं भरतंय?

यंदा ताईच म्हणाली होती, "छोटे, देऊन टाकायचं का आपलं नाव?" तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत छोटीनं नाव देऊन टाकलं.

पण बंधाऱ्याच्या दुरुस्तीसाठी नदी चार महिने बंद होती, त्यामुळे होडीत कोण बसणार ते क्लबच्या हॉलमधल्या रोइंग मशीनवर ठरणार होतं. दोन हजार मीटर, आठ मिनिटं चाळीस सेकंदांच्या आत, प्रत्येकीनं आपापले. परगावच्यांनी आपापल्या गावच्या क्लबात, साक्षीदारासमोर. पहिल्यांदा हुकलं तर आठवड्यानं आणखी एक संधी, आणि मग रामराम.

मशीन म्हणजे एक लांब पट्टी, तिच्यावर पुढेमागे सरकणारी बैठक, साखळीला बांधलेला दांडा, समोर जाळीतला पंखा आणि दर पाचशे मीटरांची वेळ दाखवणारा छोटा पडदा. पंख्याला ओढ जड-हलकी करणारी एक कळ असते. पहिल्या दिवशी धाकटीनं ती थेट दहावर नेली. जड ओढलं की वेग येणारच, असं तिचं सरळ गणित. तीनशे मीटरांत तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"चारावर आण ती," मागून आवाज आला. "होडी चालवायचीय, ट्रक नाही ओढायचा."

ही शिट्टीबाई, क्लबची प्रशिक्षक. पासष्टीच्या बाईंकडे शिट्टी नव्हती, कारण त्या आवाजाला शिट्टीची गरजच नव्हती. त्यांनी धाकटीला आठवडा आखून दिला. मंगळवारी दमासाठी पन्नास मिनिटं, मिनिटाला अठराच वल्ही, गप्पा मारता येतील इतक्या शांतपणे. गुरुवारी वेगासाठी पाचशे-पाचशे मीटरांचे सहा तुकडे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. शनिवारी एक मिनिट जीव तोडून आणि एक मिनिट हळू, असं वीस वेळा. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यांचे घट्टे झाले. भूक अशी लागायची की नवरा म्हणायचा, "ही दुसऱ्यांचे दात बनवते आणि स्वतःचे माझ्या पातेल्यावर चालवते."

दम वाढला, वेगही आला, पण एक खोड जाईना. दोन हजार मीटर लावले की धाकटी पहिले पाचशे दोन मिनिटांत उडवायची आणि शेवटच्या पाचशेला अडीच मिनिटं घ्यायची.

"अगं, मागे कुत्रं लागल्यासारखी काय सुटतेस?" शिट्टीबाई वैतागायच्या. "पाचशेला दोन मिनिटं नऊ. चारही वेळा तेवढंच. समोर आकडा दिसतो ना?"

आकडा दिसत होता. पाठ दिसत नव्हती. आजवर तिचा ताल कायम दुसऱ्या कुणीतरी राखला होता, आणि हे शिट्टीबाईंना सांगायची तिला लाज वाटत होती.

तिनं ते ताईला सांगितलं. आणि मग एक युक्ती काढली. दोघी एकाच वेळी आपापल्या मशीनवर बसायच्या, व्हिडिओ कॉल लावायच्या, आणि ताई आपला फोन स्वतःच्या मागे स्टुलावर ठेवायची. इकडे धाकटीच्या पंख्याला टेकवलेल्या फोनवर ताईची पाठ दिसायची. रुंदावलेली, पन्नाशीची, पण खांदे तसेच उचलणारी. पहिल्याच मंगळवारी धाकटीचे आकडे सुतासारखे सरळ आले. पन्नास मिनिटं कशी गेली ते तिला कळलंही नाही. उतरल्यावर ती न्हाणीघरात जाऊन रडली, आणि ते रडणं आनंदाचं होतं की कसलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"हे पांगुळगाडे चाचणीला नकोत," शिट्टीबाई म्हणाल्या. धाकटीनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

चाचणीच्या सकाळी ती फोन घेऊनच बसली. पहिले पाचशे, दोन मिनिटं नऊ. दुसरे, दोन दहा. पाय पेटले होते, पण समोर ताई होती आणि ताल होता. अकराशे मीटरांवर ताईचे खांदे उशिरा उचलले गेले. मग आणखी उशिरा. मिनिटाला सव्वीस वल्ह्यांची चोवीस झाली, चोवीसची बावीस.

"आकड्याकडे बघ!" शिट्टीबाई ओरडल्या. "फोन सोड, आकडा बघ!"

धाकटीच्या अंगात जोर होता. अजून बराच होता. पण ताल देणारी हळू झाली की मागचीनं हळू व्हायचं, हे तिच्या हाडात तेराव्या वर्षी मुरलं होतं, आणि ताईला एकटीला मागे टाकून जायचं तिच्या जिवावर आलं. ती हळू झाली. आठ मिनिटं त्रेपन्न सेकंद.

फोनवर ताई वळली. घामानं निथळलेली, पण धापा टाकत नव्हती. हे मात्र धाकटीच्या नजरेतून सुटलं नाही.

"किती?" ताईनं विचारलं.

"त्रेपन्न."

"अगं, तुझे पस्तीस यायला हवे होते! काय झालं?"

"तू हळू झालीस म्हणून मी झाले."

ताईनं टॉवेल तोंडावर धरला. मग आतूनच म्हणाली, "मी मुद्दाम झाले गं. मला शर्यतीला येता येणार नाही. लेकीचं बाळंतपण नेमकं त्याच महिन्यात आहे. म्हटलं, चाचणीत नापास झाले की सांगायची वेळच येणार नाही."

"तुला कधी कळलं?"

"महिना झाला."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळंतपणाचा राग कोण करेल? भाची तिचीही लाडकी होती. पण महिनाभर ही बाई दर मंगळवारी तिच्यासमोर बसत होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती. धाकटीनं फोन बंद केला आणि तीन दिवस उचलला नाही. त्या तीन दिवसांत तिनं एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीत सुळा उलटा बसवला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या चाचणीला जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ताई नाही तर होडी कशाला? पण शनिवार उजाडला आणि पाय आपसूक हॉलकडे वळले. अंगाला सवय लागली होती, आणि थोडा रागही होताच, त्याला कुठेतरी वाट हवी होती.

समोर भिंत होती. नुसती पांढरी भिंत आणि आकडा. दोन दहा. दोन नऊ. दोन दहा. पंधराशेच्या पुढे तिला रडू यायला लागलं, पण रडायलाही श्वास लागतो, तो तिच्याकडे शिल्लक नव्हता. दोन नऊ. एकूण आठ मिनिटं अडतीस सेकंद.

शिट्टीबाईंनी कागदावर तिचं नाव लिहिलं. शेजारी बेकरीवालीचं. बेकरीवाली धिप्पाड बाई, पहाटे तीनपासून पीठ मळणारी, वेळ हिच्याहून सात सेकंदांनी चांगली.

"ती मागे बसेल," शिट्टीबाई म्हणाल्या. "ताल तू द्यायचा."

"मी?"

"चारही पाचशे सारखे काढणारी दुसरी आहे का माझ्याकडे?"

नदी उघडली त्या आठवड्यात दोघी पहिल्यांदा पाण्यावर गेल्या. धाकटी ताईच्या जागेवर बसली. वल्हवणाऱ्यांची पाठ जायच्या दिशेला असते. तिच्यासमोर होडीचं रिकामं टोक होतं आणि मागे पडत जाणारं पाणी. आणखी काही नाही. कुणी नाही. मागे बेकरीवाली होती म्हणे. तिच्या बैठकीची चाकं वाजायची, ती हुंकार द्यायची, एवढ्यावरून ती आहे असं समजायचं. वल्ही एकत्र पाण्यात पडत होती आणि धाकटीला एकटं, फार एकटं वाटत होतं.

संध्याकाळी तिनं ताईला फोन लावला. ताईनं पहिल्याच घंटीला उचलला.

"आज पुढे बसले होते," धाकटी म्हणाली. "ताई, तुला मी कधी दिसलेच नाही गं. दहा वर्षं."

"नाही. एकदाही नाही."

"मग ती वर्षं कशी काढलीस?"

"ऐकू यायचीस ना. तू जोर लावताना नाकातून फुसफुस करतेस. शाळेत असल्यापासून करतेस. मध्यंतरी फोन मागे ठेवायला सांगितलंस ना, तेव्हा पंचवीस वर्षांनी पुन्हा मागून तो आवाज आला. येणार नाही म्हणून सांगितलं असतं, तर तू फोन लावायची थांबली असतीस. म्हणून महिनाभर नाही सांगितलं."