म्हशीची तहान

नानाजीच्या गाडीला आमच्या गल्लीत गाडी म्हणायची पद्धत नव्हती. म्हैस म्हणत. काळी, रुंद, सुरू होताना आधी अंगभर थरथरायची, मग मागून धूर सोडायची, आणि उन्हात जरा चालली की पाणी मागायची. नाही दिलं की जागेवर बसायची. डिझेलची गाडी, वयानं पोक्त. नानाजीचं गांधीबागेत लुगड्यांचं दुकान. घरातले माग बंद झाले तेव्हा त्या रिकाम्या जागेत काहीतरी खडखडणारं पाहिजे म्हणून यानं ही आणली, असं लोक म्हणायचे.

शिमल्याकडून बदली होऊन आलेल्या एका साहेबाची ही गाडी. त्यामुळं तिला हीटर होता. मे महिन्यात जिथं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं, त्या गावात हीटरची गाडी असलेला नानाजी एकटाच. पाहुणे आले की तो ते बटण दाखवायचा. हात लावू द्यायचा नाही.

उमरेड रोडवरच्या सगळ्या गावांत नानाजीच्या ओळखी होत्या, आणि सगळ्या पाण्याच्या. पाचगावला चहावाली तारा लांबून धूर पाहूनच बादली भरायला लागायची. चांप्याला तर पोरं रस्त्यावर येऊन ओरडायची, "म्हैस आली, म्हैस आली!"

पण पुष्पलताच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, म्हशीनं कहर केला, दर गावाला पाणी मागत बसली. पुष्पलता ही भिवापूरच्या मारोतरावची मुलगी, आणि मारोतराव नानाजीच्या बायकोचा, वच्छलाबाईचा, धाकटा भाऊ. म्हणजे वच्छलाबाई पोरीची सख्खी आत्या. आत्या पोचली तेव्हा पंगती उठल्या होत्या, ओटी दुसऱ्याच कोणी भरली होती, आणि पुष्पलता सासरच्या लोकांना निरोप देऊन राहिली होती.   वच्छलाबाईनं घरी येऊन पदर झटकला आणि म्हणाली,

"अवो, आता पोरीच्या हळदीले जाऊ तेव्हा रस्त्यात एकदा जरी बोनट उघडलं ना, तर ही म्हैस मारोतच्या दावणीले. मी त्याले सांगून आली."

"त्याच्या? तो काय करते हिचं?"

"मिरच्या वाहते."

नानाजी खुर्चीत बसला. मारोतराव भिवापुरात मिरचीचा व्यापारी. त्याची नजर म्हशीच्या मागच्या सीटवर पहिल्यापासून होती. ती सीट काढून तिथं पोती रचायचा त्याचा विचार होता, आणि तो विचार तो नानाजीच्या तोंडावर, जेवताना, दरवेळी बोलून दाखवायचा.

मग सुरू झाली म्हशीची तपासणी. त्यासाठी शेजारचा जागेश्वर आला. जागेश्वर मिलच्या बॉयलरवर कामाला होता, म्हणून जिथं पाणी आणि आग एकत्र येतील तिथं आपलं मत मागितलं जावं असं त्याला वाटायचं. चहाच्या किटलीलाही तो दोन मिनिटं वाकून पाहायचा.

"पाणी कुठी चाललं, ते पहिले पाहू," तो म्हणाला. "पाणी दोनच रस्त्यानं जाते. नाई तर गळून, नाई तर उडून."

पट्टा बदलला. वरचा पाइप बदलला, मग खालचा. रेडिएटर उतरवून धुतला, त्यातून शिमल्याची माती निघाली. थर्मोस्टॅट काढून जागेश्वरनं तो वच्छलाबाईच्या पातेल्यात उकळून पाहिला. उघडला. बरोबर आहे म्हणून परत बसवला. पातेलं वच्छलाबाईनं मोलकरणीला देऊन टाकलं. शेवटी नानाजीनं दुकानातून मांजरपाटाचं अख्खं ठाण आणून गाडीखाली अंथरलं. थेंब पडला की डाग दिसेल. सकाळी दोघं पोटावर पडून पाहतात तर तेलाचे दोन ठिपके आणि कोणाच्या तरी मांजरीचे पाय. पाण्याचा डाग नाही.

"बाहेर गळून नाई राहिली," जागेश्वर उठत म्हणाला. "पिऊन राहिली."

"कोण?"

"म्हैस. इंजिनाच्या पोटात जाऊन राहिलं पाणी."

"मग धूर पांढरा पाहिजे ना गा."

"तोच तर प्रश्न आहे. काळाच निघून राहिला."

वच्छलाबाई दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मी कवाचं सांगून राहिली. गाडीत बसलं की माझे पाय ओले होतेत."

"ते तुझ्या सुरईनं," नानाजी म्हणाला. प्रवासाला निघताना वच्छलाबाई मातीची सुरई पायाशी ठेवायची. "झिरपते ते."

"गरम पाणी झिरपते का सुरईतून?"

"मे महिना आहे वं. आता काय बरफ झिरपन?"

वच्छलाबाईनं एक खडा तांदळातून काढून अंगणात फेकला. तो बोनटावर टणकन वाजला.

हळदीचा दिवस आला तरी रोग सापडला नव्हता. शेवटचा उपाय राहिला होता, ट्रकवाल्यांचा. कुठंतरी बारीक भोक असेल तर रेडिएटरमध्ये हळद टाकायची. हळद भोकात जाऊन बसते. आता ऐन लग्नाच्या घरात हळदीला काय तोटा? आत्या म्हणून वच्छलाबाईनं पुष्पलतासाठी नवी हळद दळून, पुडा बांधून, वर कुंकवाचं बोट लावून ठेवला होता. ती अंघोळीला गेली तसं नानाजीनं पुडा सोडला, दोन मुठी काढल्या, पुडा तसाच बांधला, आणि अंगणात जाऊन म्हशीला हळद लावली. आतून. मग हात धुतले, तरी नखं पिवळीच राहिली, म्हणून दिवसभर मुठी आवळून फिरायचं ठरवलं.

नानाजी जागेश्वरला बोलवून परत आला तर वच्छलाबाई अंगणात म्हशीपाशी एकटीच उभी दिसली. त्यानं विचारलं, "काय करून राहिली वं?"

"काही नाई. पुसून राहिली जराशी. लग्नाले चालली ना."

तिघं निघाले. नानाजी स्टेअरिंगवर, शेजारी वच्छलाबाई, मागं जागेश्वर आणि रुखवताच्या टोपल्या. टोपल्या इतक्या होत्या की जागेश्वरचं फक्त डोकं दिसायचं, तेही कुरडयांच्या मधून.

दिघोरी गेलं. विहीरगाव गेलं. गरमीचा काटा मधोमध उभा. पाचगावला तारा बादली घेऊन रस्त्यावर आली, आणि नानाजीनं हॉर्न वाजवून, छाती फुगवून, तिच्या समोरून गाडी काढली. आयुष्यात पहिल्यांदा. तारा बादलीसकट मागं वळून पाहत राहिली.

"हळद बसली वाटते," जागेश्वर मागून पुटपुटला.

"कोणती हळद?" वच्छलाबाई.

"पोरीची जी. आज हळद बसते ना तिची."

कुही फाट्याच्या पुढं काटा सरकला. चढ लागला तसा अजून सरकला. चांप्याला पोरं ओरडली तेव्हा तो लाल रेघेला टेकला होता. नानाजीनं मान खाली घातली. आता थांबायचं, बोनट उघडायचं, आणि मग मारोतराव मागची सीट काढणार. त्या सीटवर नानाजीची पोरगी लहानपणी झोपायची. त्या सीटवर त्याची आई शेवटची रामटेकला जाऊन आली होती. तिथं मिरच्या.

"थांबता का?" वच्छलाबाई हळूच म्हणाली. आवाज असा की नवऱ्याला वाटलं, ही जिंकली म्हणून विचारते.

"नाई थांबत," नानाजी म्हणाला. "जागेश्वर, बोल काहीतरी!"

मागून कुरडया मोडल्याचा आवाज आला. जागेश्वर उठून बसला होता.

"हीटर!"

"काय?"

"हीटर लाव गा! इंजिनाची गरमी आत घे. बॉयलरले असंच करतेत, वाफ दुसरीकडं काढतेत."

"मे महिन्यात?"

"मग मारोतरावले दे गाडी."

नानाजीनं ते बटण ओढलं, जे त्यानं इतकी वर्षं फक्त दाखवलं होतं. आतून पहिले घरघर आली. मग शिमल्याची धूळ. मग हवा. बाहेर लू चालली होती, आत तिच्याहून गरम. खिडक्या सगळ्या उघड्या, पण खिडकीतून येणारी लू आता थंड वाटायला लागली. काटा मात्र थांबला. मग एक केसभर मागं आला.

"आला! मागं आला!" नानाजी ओरडला, आणि तेवढ्यात त्याला ठसका लागला.

मग जागेश्वरला लागला. मग तिघांना एकदम. डोळ्यांत आग, नाकात आग, घशात कोणी तिखट चोळल्यासारखं. गाडीभर असा वास सुटला की जणू पुढं सावजी मटणाला फोडणी पडून राहिली आहे. उमरेडच्या बाजारातून म्हैस गेली तेव्हा पानठेल्यावरचे लोक शिंकले. कोणी एक जण सायकल टेकवून गाडीमागं नुसता वास घेत उभा राहिला.

"हे काय होऊन राहिलं बे?" नानाजी डोळे पुसत म्हणाला. "भिवापूर आलं का? मिरचीचा वास येऊन राहिला."

"भिवापूर लांब आहे अजून," जागेश्वर कुरडयांत तोंड खुपसून म्हणाला.

नानाजीनं शेजारी पाहिलं. वच्छलाबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"काहून रडते वं?"

"माहेर जवळ आलं," ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली.

 तो हळूच म्हणाला, "तुले पोचवतो आज टायमावर. रडू नको." तिनं अजूनच पदर तोंडाला लावला. हुंदका होता की ठसका, त्याला कळलं नाही.

मारोतराव मांडवाच्या तोंडाशीच उभा होता. त्यानं गोदामासमोरची जागा झाडून, पाणी मारून तयार ठेवली होती. म्हैस धुरळा उडवत आली आणि हळद लागायच्या आधी, चांगली आधी, मांडवासमोर उभी राहिली.

"बोनट उघडलं का भाऊजी?" मारोतरावचा पहिला शब्द.

"विचार तुझ्या ताईले."

वच्छलाबाई उतरली. डोळे लाल, नाक लाल, गालांवर ओघळ. तिला तशी पाहून मारोतरावची बायको रडायला लागली. तिला पाहून पुष्पलता. मग मांडवातल्या सगळ्या बायका. जागेश्वर टोपल्यांतून रडत बाहेर निघाला तसं पुरुष मंडळींनाही धीर धरवेना. वाजंत्रीवाल्यानं सनई खाली ठेवली. शेवटी म्हातारी रंभाबाई, मारोतरावची चुलती, काठी टेकत पुढं आली आणि खाली पाहून हसायलाच लागली.

"अवं माय! आत्या तर घरूनच हळद लावून आली!"

सगळ्यांनी पाहिलं. वच्छलाबाईचे पाय घोट्यापर्यंत पिवळेधमक होते. लुगड्याचा काठही पिवळा.

नानाजी त्या पायांकडं पाहत राहिला. मग गाडीचं दार उघडून वाकला. पायाखालची सतरंजी ओली, गरम, पिवळी. वर पाहिलं तर हीटरच्या पाइपाच्या तोंडातून टप्, टप्, थेंब.

"वच्छला," तो बसल्या आवाजात म्हणाला, "सुरई कुठी आहे?"

"घरी. टोपल्यांनं जागा कुठी होती तिले?"

जागेश्वरनं डोक्याला हात लावला. "हीटरमधून पाणी आत गळत होतं. आपण बाहेर मांजरपाट आंथरून बसलो."

"आणि मी तांदूळ निवडत सांगून राहिली," वच्छलाबाई म्हणाली.

 नानाजीला मात्र दुसरीच गोष्ट सुचली. "हळद टाकली मी. पण हळदीनं ठसका नाई लागत. मिरची कुठून आली?"

आता वच्छलाबाई पायांकडं पाहायला लागली.

"नजर उतरवली सकाळी," ती म्हणाली. "मिरच्या, मीठ, मोहरी ओवाळली. ओवाळलेलं आगीत टाकावं लागते. मले वाटलं, चुलीत काहून टाकू? हिची आग हिच्याच पोटात आहे. पाण्याचं झाकण तुम्ही कसं उघडता ते पाहिलंच होतं. चुरून टाकल्या."

"तू? तूच तर म्हणत होती, मारोतले देऊ म्हणून!"

"म्हटलं तर काय झालं? द्याले पाहिजे असं थोडंच आहे."

मारोतराव मधे पडला. "ताई, पण मले शब्द..."

"रस्त्यात बोनट उघडलं का?"

"नाई, पण..."

"मग जा, पोरीची हळद भिजव. पुड्यात जराशी कमी आहे, तुझ्या भाऊजीले विचार."

रंभाबाईनं शेवटचा निकाल दिला. नजरेच्या मिरच्या जाळल्या आणि ठसका लागला नाही तर नजर लागलेली असते. इथं तर आख्खं उमरेड शिंकलं. म्हणजे म्हशीला नजर कधी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी, लग्न लागल्यावर, मारोतरावच्याच अंगणात जागेश्वरनं हीटर तोडून दोन पाइप एकमेकांना जोडले आणि रेडिएटर मोकळा केला. लालपिवळं तवंगाचं पाणी नालीतून वाहत गेलं तेव्हा आचारी पळा घेऊन बाहेर येऊन पाहून गेला.

परतताना काटा मधोमध. चांपा गेलं तरी मधोमध. वच्छलाबाईच्या पायाशी माहेरची नवी सुरई, आणि नानाजी दर गावाला विचारून राहिला, "पाय कोरडे?"

"कोरडे."

पाचगाव आलं. तारा बादली भरून रस्त्यावरच उभी होती. काल म्हैस न थांबता गेली म्हणून आज तिनं दोन बादल्या भरल्या होत्या. नानाजीनं छाती काढून हॉर्नवर हात ठेवला.

"थांबवा," वच्छलाबाई म्हणाली.

"काहून? नाई लागत आता तिले पाणी."

"तिले नाई लागत. पण ती बाई दोन बादल्या घेऊन उन्हात उभी आहे ना."

नानाजीनं गाडी थांबवली. उतरला, ताराच्या बादलीतून ओंजळ ओंजळ पाणी पोटभर प्यायला, आणि उरलेलं बोनट न उघडता म्हशीच्या पाठीवर ओतलं.