टीपकाकूंचा खुळखुळता चेंडू

मी एक जुना चेंडू आहे. पण मित्रांनो, आजवर मी एकाही खिडकीची काच फोडलेली नाही. मी आहे धाग्यांचा. जपानमध्ये माझ्या जातकुळीला तेमारी म्हणतात. माझा जन्म मात्र एका साध्या घरात, जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपसमोर झाला.

मला घडवलं टीपकाकूंनी. चाळीस वर्षं त्यांनी शिवणयंत्र चालवलं. कापड विरेल, पण त्यांची टीप उसवायची नाही, म्हणून हे नाव. गल्लीतल्या निम्म्या पोरांची झबली त्यांच्या हातची. मग त्या हातालाच कंप सुटला. सुईत दोरा जाईना. शिवणाचं दुकान बंद झालं. नेमके त्याच वर्षी सुनेला दिवस गेले. जगाला झबली शिवली आणि आपल्या नातवंडासाठी एक टाका घालता येऊ नये, ही खंत काकूंनी कुणाला सांगितली नाही. रिकामी कात्री नुसती उघडत-मिटत बसायच्या. सुनेनं ते पाहिलं. विचारलं नाही, सवरलं नाही, तेमारी शिकवणाऱ्या दर शनिवारच्या ऑनलाइन वर्गात सासूबाईंचं नाव घालून मोकळी झाली.

"या वयात मला शाळेत घालतेस?" काकू म्हणाल्या.

"डबा देते की बरोबर," सून म्हणाली.

शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावरून सांगितलं, चेंडूच्या पोटात काहीतरी वाजणारं ठेवा. काकूंनी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत दुकानातली पाच बटणं टाकली. ते माझं काळीज. त्यावर कातरणांचा गोळा, मग लोकर, मग बारीक दोरा, आतलं काही दिसेनासं होईपर्यंत. कागदाच्या पट्टीनं माझा घेर मोजला, टाचण्या टोचून आठ भाग पाडले. दुखलं नाही, गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या शनिवारी टाके सुरू झाले आणि माझ्या हातून घात झाला. काकू आपले हात कॅमेऱ्यात दिसू देत नसत. पण हात थरथरला की माझ्या पोटातली बटणं खुळखुळायची, आणि तो आवाज वर्गातल्या पंधरा घरांत पोचला. कुणीतरी सहज विचारलं, कुणाचा चेंडू वाजतोय हो? काकूंनी लॅपटॉप मिटला. मला टाचण्यांसकट खणात टाकलं. मित्रांनो, चहाडी मी केली आणि मान खाली गेली त्यांची.

दोन महिने मी तिथे पडून होतो, एका तुटक्या चष्म्याच्या शेजारी. मग एके दिवशी शिकवणाऱ्या बाईंचाच फोन आला. सुनेनं सगळं कळवलं होतं. काकूंनी खूप आढेवेढे घेतले. आपला उजवा हात आता कामातून गेला, असंही म्हणाल्या. त्यावर पलीकडून शांतपणे उत्तर आलं.

"काकू, सुई चेंडूकडे नेऊच नका. मनगट टेबलावर टेकवा आणि चेंडू सुईकडे आणा."

खण उघडला. डावा हात मला हळूहळू फिरवू लागला, उजवा टेकून राहिला. माझ्यावरच्या दोऱ्याच्या फुलाच्या एकेका पाकळीला एकेक शनिवार लागला. एक पाकळी वाकडी गेली. सुनेनं विचारलं, उसवून देऊ का? काकू म्हणाल्या, "राहू दे. सही आहे ती माझी."

नात झाली. एका दुपारी ती रडायची थांबेना. बापानं मला जोरात हलवलं, ती दचकून आणखी रडली. आईनं हलवलं, तेच. मग काकूंनी मला नुसतं तिच्या कानाशी धरलं. हलवलं नाही. त्यांच्या हाताच्या कंपानंच माझ्या पोटातली बटणं सळसळू लागली, लांब कुणी चाळणी हलवावी तशी. पोरीनं डोळे मोठे केले, मग मिटले. काकू गुणगुणल्या,

थरथर माझ्या हाता,
थांबू नको बाळा आता,
नीज येते तू रे गाता
तान्हुलीला.

सून दारात उभी होती. म्हणाली, "आई, हे काही मला जमायचं नाही हो."

आता नात शाळेत जाते. माझा रंग विटलाय, वाकड्या पाकळीचा दोरा सुटत चाललाय, आणि मी फळीवर गप्प असतो. मला हातात घेत जा, मित्रांनो. हात लागल्याशिवाय माझं काळीज बोलत नाही. आणि कुणाचा हात थरथरताना दिसला, तर टक लावून पाहू नका, हातातलं काम काढूनही घेऊ नका. ते काम जरासं त्याच्याकडे सरकवा. पुढचं तो हात जाणतो.