उंद्रीला नेलेले गोंडे

कलाबाईने लोकर दातांनी तोडली, लाल गोंडा तळहातावर आपटून फुलवला आणि बाकीच्या गोंड्यांत टाकला. पोळा तोंडावर आला होता, तरी अमडापूरच्या बाजारातलं त्यांचं दुकान दुपारपासून रिकामंच होतं. समोरच्या हातगाडीवर प्लॅस्टिकच्या चकचकीत माळा लटकत होत्या. ज्यांच्याकडे अजून बैल होते, ते तिकडेच थांबत. पोळा झाला की दुकान सोडायचं, हे तिने जागेच्या मालकाला कळवून टाकलं होतं. तिचा नवरा जानराव त्यावर हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. तो कोपऱ्यात बसून दोर वळत होता.

महादेवराव पायरीवर चपला काढून आत आले.

“जयभीम, जानराव.”

“रामराम. बसा.”

महादेवराव दरवर्षी इथूनच गोंडे नेत. पण यंदा त्यांनी बैलजोडी विकल्याचं कलाबाईच्या कानावर आलं होतं. तिने विषय काढला नाही. त्यांनी एकेक गोंडा हातात घेऊन पाहिला, जोडीपुरते निवडले, पैसे तिच्यापुढे ठेवले आणि मग तिथेच बसून राहिले.

“बैल उंद्रीले देले,” शेवटी ते म्हणाले. “अर्जुनरावाले. माणूस बरा हाय, पण त्याले हौस नाही. पोळ्याले उघडेच उभे करीन त्याईले.”

“मंग तुमीच नेऊन द्या ना गोंडे.”

“मी गेलो तं हरण्या ओळखीन मले. मांगं मांगं येईन.” त्यांनी मान खाली घातली. “तुमी जाता का, कलाबाई?”

पोळ्याच्या सकाळी ती गाडीने उंद्रीला गेली. अर्जुनरावांच्या गोठ्यात ट्रॅक्टर उभा होता. शेणाचा वासही उरला नव्हता. अर्जुनराव हात पुसत बाहेर आले.

“ते बैल? पेरणी झाली अन् विकले. व्यापारी घेऊन गेला. आता कुठं असतीन, काय सांगू?” मग जरा ओशाळून म्हणाले, “एवढ्यासाठी आल्या तुमी? चहा तरी घ्या.”

चहा न घेताच ती फाट्यावर आली. गाडी लवकर मिळाली नाही. उन्हात उभं राहून पाय भरून आले. पैसे परत करायचे आणि खरं काय ते सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. कसं सांगायचं, तेही मनात जुळवलं.

ती पोचली तेव्हा महादेवराव नवा सदरा घालून दुकानात बसले होते. ती पायरी चढते न चढते तोच ते उठले.

“बांधले का?”

कलाबाईने पिशवी पदराआड घेतली.

“बांधले.”

“हरण्या काही उभा राह्यला नसन.”

“कुठचा उभा राह्यते. दोघाईनं धरला तवा कुठं बांधता आले.”

महादेवराव हसले. हसता हसता उपरण्याने तोंड पुसू लागले आणि बराच वेळ पुसत राहिले.

“पुढच्या साली निळे करा,” निघताना ते म्हणाले. “पांढऱ्या अंगावर निळा खुलते. मी आताच सांगून ठेवतो. नेऊन बी तुमीच देजा.”

जानरावाचे दोर वळणारे हात थांबले. तो कलाबाईकडे बघत राहिला.

“हाव,” ती म्हणाली. “ठेवू करून.”

ते गेल्यावर जानरावाने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. तिच्या हातातली पिशवी घेताना त्याची बोटं फुगलेल्या कापडावर थबकली. त्याने ती उघडली नाही, तशीच खुंटीला अडकवली.

“निळी लोकर नाही आपल्यापाशी,” तो म्हणाला.

कलाबाईने अर्धा तांब्या एका दमात संपवला.

“उद्या चिखलीले जाऊन घेऊन या,” ती म्हणाली. “अन् जाता जाता जागेच्या मालकाच्या घरावरून जाजा. दुकान एवढ्यात सोडत नाही म्हणा.”