पक्षिणीचा आवाज

"ही अनारकान कोण?" बुरुलचाने संगणकावरचं नाव वाचून, चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

शार्शेनला आधी वाटलं, ती थट्टा करतेय. बुरुलचा गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. एकोणतीस वर्षं त्याच्या घराला लागून तिचं घर. तिची दोन्ही पोरं त्याच्या बायकोच्या हातची गरम तळलेली बोरसोकं खाऊन मोठी झालेली.

"माझी बायको," तो म्हणाला.

"केलिन-आपा?" बुरुलचा ओशाळली. "आके, आम्ही आपलं केलिन-आपाच म्हणत आलो. मयतीला प्रार्थना म्हणताना मोल्दोने नाव घेतलं असेल, पण आम्ही बायका तंबूत रडत होतो. आमच्या कानावर कुठलं यायला?"

केलिन म्हणजे सून. या घरात ती सून म्हणून आली, सासू गेली, सासरा गेला, तिचे केस पिकले, तरी गावाने तिला सूनच ठेवलं. वयाचा मान म्हणून पुढे आपा जोडलं, एवढीच काय ती बढती. शार्शेनला बुरुलचाचा राग आला नाही. स्वतःचा आला. तो तरी बायकोला नावाने कधी हाक मारत होता? 'ऐकतेस का' एवढ्यावर एकावन्न वर्षं निभावली होती त्याने.

वाचनालयात संगणक एकच होता आणि गेले तीन आठवडे तो शार्शेनच्याच ताब्यात होता. इंटरनेटवरच्या, कुणालाही लिहिता येणाऱ्या ज्ञानकोशात 'गोठलेल्या सरोवराची पक्षीण' या जुन्या अद्भुतपटावर लेख होता. फ्रुन्झे शहरातल्या स्टुडिओने काढलेला, पन्नास वर्षांपूर्वीचा सिनेमा. तेमिर नावाचा घोडेस्वार, सरोवराच्या तळाशी राहणारी पक्षीण, बर्फाचा राक्षस, असं सगळं. लेखात नटीचं नाव होतं, राक्षसाचे केस विणणारीचं होतं, घोड्याचंसुद्धा होतं. पक्षिणीला आवाज कोणी दिला, तिथे मात्र काहीच नव्हतं. मॉस्कोतल्या नातीने फोनवर विचारलं, "आजीचा आवाज होता ना? मग आजी कुठंय यात?" बायकोच्या वर्षाच्या जेवणाला नऊ दिवस उरले होते. नात त्यासाठी येणार होती. ती येण्याआधी आजी त्यात असली पाहिजे, असं म्हातारा ठरवून बसला.

त्याने तीनदा नाव घातलं आणि तिन्ही वेळा ते काढलं गेलं. काढणारी 'तोरगोय' या नावाने लिहायची. ओश शहरातली कुणी शाळामास्तरीण. बाई उद्धट नव्हती, हीच पंचाईत. उद्धट असती तर भांडता आलं असतं. ती दर वेळी आदराने लिहायची की आके, छापील संदर्भ द्या, मी स्वतः नाव घालते.

संदर्भ काय द्यायचा? शार्शेन त्याच स्टुडिओत प्रोजेक्टर चालवत असे. नटी परमुलखातली, तिला किर्गीझ येत नव्हतं. आवाज द्यायला ठरवलेल्या बाईचा घसा बसला आणि तारीख डोक्यावर आलेली. अनारकान शहरातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती, दगडाला पाझर फुटावा असा आवाज. शार्शेननेच तिचं नाव सुचवलं होतं. श्रेयनामावली आधीच छापून झाली होती, त्यामुळे तिचं नाव तिथे चढलं नाही.

आवाज भरायची त्या वेळची पद्धत अशी, की फिल्मचा छोटा तुकडा कापून त्याची टोकं जोडायची आणि ते कडं प्रोजेक्टरवर गरगर फिरवत ठेवायचं. ओठांशी शब्द जुळेपर्यंत तेच ते दृश्य. एका कड्यात पक्षीण बर्फाखालून हाक मारते, "तेमिर!" नटीचे ओठ पडद्यावर तेमिर म्हणायचे आणि अनारकान गप्प. कडं चाळीस वेळा फिरलं. दिग्दर्शकाने आधी समजावलं, मग कागद आपटले. ती काचेतून वर प्रोजेक्टरच्या खोलीकडे, नवऱ्याकडे बघत राहिली. कारण त्याला एकट्यालाच माहीत होतं. तिच्या सासऱ्याचं नाव तेमिरबेक होतं.

सासऱ्याचं नाव सून घेत नाही. अर्धंही नाही. सासरा त्या वेळी पंधरा किलोमीटरवर अंगणात लोकर झोडपत बसला होता, त्याच्या कानावर काही जाणार नव्हतं. पण तोंडच वळेना. दवाखान्यात आडनाव विचारलं तरी ती कागद पुढे सरकवायची, आडनावात सासरा होता म्हणून. एक्केचाळिसाव्या फेरीला ती म्हणाली, "ए वाटसरा." दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला आणि पुढचं कडं लावायला सांगितलं. असं करत सगळ्या सिनेमात तेमिरला सारी दुनिया तेमिर म्हणते, पक्षीण तेवढी वाटसरू म्हणते.

आता लेखात यावर अख्खा परिच्छेद होता. पक्षीण नाव घेत नाही कारण नाव घेतलं तर तो मृत्यूला बांधला जाईल, असं कुणा विद्वानाचं म्हणणं, त्याला दुसऱ्याचा दुजोरा, खाली सात संदर्भ. शार्शेनने ते वाचलं तेव्हा त्याला आधी हसू आलं. मग घरी जाऊन तो चहाचा एकच वाडगा ओतून बसला आणि रडला. जिला सांगून हसायचं, ती नव्हती.

त्यानंतर चौथ्या दिवशी बुरुलचाने जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातून एक पान शोधून काढलं. बातमी त्या सिनेमाचीच होती. फोटोत सासरा, गावातला वडीलधारा म्हणजे आक्साकाल म्हणून, मानाच्या जागी टोपी घालून बसलेला, आणि मागे दारात चहाची किटली धरलेली एक बाई, चेहरा अर्धा कापलेला. खाली लिहिलं होतं: 'पक्षिणीला आवाज देणारी ही तेमिरबेक आक्साकाल यांची धाकटी सून.'

शार्शेनला तो दिवस लख्ख आठवला. बातमीदार अंगणात त्याच्यापाशी आला होता, पेन्सिल जिभेला लावून. "वहिनींचं नाव काय लिहू?" आत बाप बसलेला, दार उघडं. बापाच्या कानावर आपल्या बायकोचं नाव आपल्या तोंडून कसं जायचं, याची शार्शेनला भारी लाज वाटली. तो म्हणाला, "वडलांनी सांगितलंय तेच लिहा." आत तिने ते ऐकलं असणार. किटली धरून ती दाराशीच होती.

पानाचा फोटो पाठवला आणि दुसऱ्या दिवशी लेखात ओळ आली. 'पक्षिणीचा आवाज: तेमिरबेक आक्साकाल यांची धाकटी सून.' पुढे छोटासा आकडा, खाली वर्तमानपत्राची तारीख. सगळं रीतसर. जे नाव तिने जन्मभर ओठांवर येऊ दिलं नाही ते ठसठशीत उभं होतं, आणि तिचं नव्हतंच.

शार्शेनने लेखाला जोडलेल्या चर्चापानावर लिहिलं. एका बोटाने टाइप करायला त्याला दुपार लागली.

'पोरी, तू नियमाने वागलीस. संदर्भ होता. त्याला बातमीदाराने नाव विचारलं होतं आणि त्याने सांगितलं नाही. तो संदर्भ मीच.'

उत्तर तासाभरात आलं. 'आके, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण माझा विश्वास तळटीपेत लावता येत नाही. मला माफ करा. माझी आईही आयुष्यभर केलिनच होती.'

जेवणाच्या आदल्या दिवशी तो पुन्हा वाचनालयात आला. लेख उघडला, ती ओळ खोडली आणि तिच्या जागी दुसरी लिहिली. 'जतन करा' या बटणाला त्याने हात लावला नाही. शेजारचं 'झलक' दाबलं. पान छापल्यासारखं समोर आलं, फक्त त्याच्यासाठी, त्या एकाच पडद्यावर.

"बुरुलचा, जरा मोठ्याने वाच. मला चष्म्यातून नीट दिसत नाही."

त्याला नीट दिसत होतं. बुरुलचालाही ते कळलं असावं. तिने वाचलं, "पक्षिणीला आवाज अनारकान तेमिरबेकोवा यांनी दिला. नायकाचे नाव त्यांच्या सासऱ्यांच्या नावाशी जुळत असल्याने त्यांनी ते एकदाही उच्चारले नाही."

"परत वाच."

तिने परत वाचलं. मग त्याने न सांगताच तिने आणखी दोनदा वाचलं. तो मान खाली घालून, कडं फिरताना ऐकायचा तसा ऐकत राहिला.

"जतन करू?" तिने हळूच विचारलं.

"नको. ती मास्तरीण बिचारी परत काढत बसेल. मिटव."

सकाळी अंगणात चुली पेटल्या. मॉस्कोची मंडळी रात्रीच येऊन पोचली होती, नात अजून झोपेत होती. आजी लेखात अजूनही नव्हती. शेजारणी पिठाची परात घेऊन एकेक करत येत होत्या. बुरुलचा बाह्या सावरत फाटकातून आत आली आणि सगळ्यांच्या देखत, नेहमीच्या आवाजात, त्याला म्हणाली, "आके, अनारकान-आपाची मोठी कढई कुठं ठेवलीय?"

कढई कोठीत, उजव्या हाताला, खुंटीवर होती. त्याला पक्कं माहीत होतं. तरी त्याने विचारलं, "कुणाची?"