सासूबाईंची राहिलेली इच्छा

दहाव्याच्या दिवशी रामकुंडावर सासूबाईंच्या पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास झाला. सात-आठ कावळे समोरच्या पत्र्यावर बसून होते, पण एकही खाली उतरेना. गेलेल्या माणसाची इच्छा मागे राहिली की असं होतं, म्हणून जो तो पुढे होऊन, हात जोडून काही ना काही कबूल करत होता.

ती इच्छा काय, ते तिथं फक्त मला ठाऊक होतं. मला लोकांच्या मनातलं ऐकू येतं. लहानपणापासून. कुणाला हेवा वाटत असेल, तर त्यानं माझे कान घेऊन एकदा हळदीकुंकवाला जाऊन यावं.

सासूबाई, म्हणजे सरूबाई, नऊ वर्षांत मला एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. मखमलाबादच्या आमच्या मळ्यातला पहिला गुलाब त्या माझ्या केसांत खोवायच्या आणि मनात म्हणायच्या, 'वांझोटीला कशाला हवंय फूल!' शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं मी अंथरुणात केलं. प्राण जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "माझी लेक गं तू." मनातलं शेवटचं वाक्य होतं, 'ज्ञानेशनं हिला सोडून दुसरी करावी.'

हे सगळं मी गिळलं ते नवऱ्यासाठी, ज्ञानेशसाठी. त्याच्या ओठांवर आणि मनात एकच असायचं. मूल नाही म्हणून त्याच्या मनात कधी एवढीशी कुरकुर उठली नाही. जगात त्या एकाच माणसाशेजारी मला शांत झोप लागायची. तो गेला असता तर माझ्याकडे काही उरलं नसतं.

धाकटे दीर, रविराज, पुढे झाले. "आई, मळा विकणार नाही." मनात त्यांची बिल्डरशी घासाघीस चालली होती. मावससासू फुलाबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "सरे, तुझ्या लेकरांकडं मी बघीन गं." आणि मनात, 'नथ कुणाला देऊन गेली असंल ही?' कावळे ढिम्म. त्यांनाही सगळं ऐकू जात असावं, मेल्यांना.

गुरुजींनी मोबाईलमध्ये वेळ बघितली. "आणखी पाच मिनिटं थांबू. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू." मला हायसं वाटलं. गवताच्या कावळ्याला कुणाच्या इच्छेशी देणंघेणं नसतं. पाच मिनिटं निघाली की मी सुटले.

तेवढ्यात फुलाबाईंनी मला पुढे ढकललं. "भाग्यश्री, तू बोल. तुझ्यावर लय जीव होता तिचा."

सगळे बघत होते. मी ज्ञानेशच्या शेजारी उभी राहिले, हात जोडले आणि धडधडीत खोटं बोलले, "आई, तुमच्या मनात असेल तसंच होईल."

ज्ञानेशनं डोळे मिटले. 'खरंच, काय असेल आईच्या मनात?' तो विचार करू लागला. हा विचार मीच त्याच्या डोक्यात घातला होता. 'नातू. नातवातच अडकलीस ना, आई?'

'नको,' मी मनात ओरडले. त्याला कुठलं ऐकू येतंय!

'करीन, आई. दुसरी करीन. भाग्यश्रीला समजावीन मी.'

पत्रा वाजला. एक कावळा थेट पिंडावर आला आणि त्यानं भातात चोच घातली.

"बघा, सुनेच्या शब्दासाठी थांबली होती म्हातारी!" फुलाबाईंनी मला मिठी मारली. रविराज भावजी माझ्या पाया पडले. गुरुजी म्हणाले, अशी सून भाग्यानं मिळते.

ज्ञानेशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थकलीस ना? चल, चहा घे."

त्याच्या मनात मी आजवर हजारदा आले असेन, पण अशी कधीच नाही. 'तेरावं होऊ दे, मग सांगू,' तो आता मनात म्हणत होता. 'आज नको. बिचारी.'